वीस मात्रा आणि तीन माणसं

मुंबईहून टोरांटोला निघालेल्या बॅगेच्या टॅगवर वायवायझेड ही तीन अक्षरं छापलेली असतात. मिसिसॉगात असलेल्या पिअर्सन विमानतळाची ही खूण. वैमानिकाला दिशा कळावी म्हणून तिथला मार्गदर्शक रेडिओ हीच तीन अक्षरं मोर्स संकेतात पुन्हा पुन्हा पाठवत असतो. विमानाच्या रेडिओवरचा तो ठेका ‘रश’ या टोरांटोच्याच बँडच्या कानात शिरला आणि त्यांनी त्यावर साधारण साडेचार मिनिटांची, एकही शब्द नसलेली रचना बांधली. १९८१ साली आलेल्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या अल्बमवर ती आहे आणि तिचं नावही ‘वायवायझेड’च.

रशचे चाहते या रचनेवर जीव टाकतात. का, ते कळायला ती एकदा मोजून पाहावी लागते, आणि मराठी माणसाकडे त्यासाठी तयार साधन आहे. मोर्समध्ये लांब खूण आणि आखूड खूण असते, आपल्या छंदशास्त्रात गुरू आणि लघु. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. लगावलीत, म्हणजे गुरूला गा आणि लघूला ल म्हणून, लिहिलं तर गालगागा. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड, म्हणजे गागालल. पूर्ण ओळ अशी: गालगागा गालगागा गागालल. गुरूच्या दोन मात्रा आणि लघूची एक धरली की ७, ७ आणि ६, एकूण २०. पाश्चात्त्य लेखनात दोन मात्रांचा एक अष्टमांश स्वर धरून यालाच १०/८ म्हणतात.

मराठी गझल वाचणाऱ्याला पहिले दोन तुकडे ओळखीचे वाटतील, कारण देवप्रिया वृत्ताची सुरुवात हीच. कान तिसऱ्या गालगागाची वाट पाहतो आणि समोर येतं गागालल, तेही एक मात्रा कमी घेऊन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा पाय चुकतो तो नेमका इथे. वीसला चारने भाग जातो, त्यामुळे पायाने पाच सारखे ठोके धरले तर हिशेब जुळतो. पण मग अक्षरांच्या सीमा ठोक्यांच्या मध्येच कुठेतरी पडतात आणि तुकडे वेगळे ऐकू येत नाहीत. आधी पाय स्थिर ठेवून तोंडाने लगावली म्हणावी, ती पक्की झाली की मगच पाय हलवावा. सुरुवातीला क्रोटाल नावाच्या छोट्या, जाड झांजांवर हा ठेका उघडा वाजतो. तिथेच तो पकडायचा. नंतर गिटार आणि बेस सा आणि तीव्र मध्यम यांच्यामधल्या अस्वस्थ अंतरावर तोच ठेका उचलतात आणि ड्रम त्याच्याभोवती फिरायला लागतो, तेव्हा नव्याने मोजायला जागा उरत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. खऱ्या मोर्समध्ये लांब खूण आखूड खुणेच्या तिप्पट असते, दुप्पट नव्हे. मग इथे दुप्पट कशी? दोन खुणांच्या मध्ये एका आखूड खुणेइतकी शांतता असते. ती धरली की आखूड खूण दोन एककं व्यापते आणि लांब खूण चार. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचं अंतर मोजलं तर प्रमाण दुप्पटच येतं. बँडने वगळली ती फक्त दोन अक्षरांमधली जास्तीची विश्रांती. ती ठेवली असती तर संकेत शुद्ध राहिला असता आणि ताल मोडला असता. हा निर्णय संगीतकारांचा आहे, आणि अचूक आहे.

रशवर प्रेम करणं म्हणजे बऱ्याच अंशी असं मोजणं. हा बँड श्रोत्याला सोपं करून देत नाही, पण काही लपवूनही ठेवत नाही. सगळं ऐकू येतं, कारण वाजवणारी माणसं तीनच आहेत. रशच्या बाबतीत जे जे वेगळं वाटतं त्याच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा हाच आकडा सापडतो.

अ‍ॅलेक्स लाइफसन गिटारला, गेडी ली बेस गिटार आणि गायनाला, नील पिअर्ट ड्रमला. लाइफसन आणि ली दोघंही १९५३ चे, टोरांटोच्या विलोडेल उपनगरातले शाळासोबती, दोघंही स्थलांतरितांची मुलं. लाइफसनचं कुटुंब सर्बियन, लीचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेले. बँड १९६८ साली उभा राहिला तेव्हा ड्रमवर जॉन रट्सी होता. १९७४ च्या पहिल्या अल्बमनंतर तो बाहेर पडला. जुलैच्या अखेरीस पिअर्ट आला आणि दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गच्या मोठ्या सभागृहात तिघं पहिल्यांदा एकत्र वाजले. तिथून २०१५ पर्यंत या संचात एकही बदल झाला नाही. रॉक संगीतात चाळीस वर्षांहून जास्त काळ तीच तीन माणसं टिकणं किती दुर्मीळ आहे, हे त्या क्षेत्राचा इतिहास चाळणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तीन माणसांच्या बँडची अडचण साधी आहे. गिटारवादक एकल वादनाला सुटला की मागे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, धरायला कुणी उरत नाही, आणि संगीत अचानक पोकळ वाटायला लागतं. यावर रशने काढलेले उपाय हाच चाहत्यांच्या अभ्यासाचा विषय.

पहिला उपाय बेसचा. गेडी लीचा बेस पार्श्वभूमीला खर्ज भरत बसत नाही, तो दुसऱ्या गिटारसारखा पुढे येऊन बोलतो. त्याचं प्रसिद्ध वाद्य म्हणजे १९७२ सालचा काळा फेंडर जॅझ बेस, मिशिगनमधल्या कॅलामझूच्या एका तारण-दुकानातून २०० डॉलरला घेतलेला. त्याआधीच्या अल्बमांवर रिकनबॅकर ४००१ हा बेस जास्त ऐकू येतो. तारा रोटोसाउंड स्विंग बेस, स्टीलच्या, गोल वेटोळ्याच्या. या तारांचा करकरीत आवाज ताज्या असतानाच असतो. घाम आणि मळ वेटोळ्यांत बसला की तो धार गमावतो, आणि मग कितीही महाग अ‍ॅम्प लावला तरी तो आवाज येत नाही. लीचा आवाज काढू पाहणारे नवे वादक अ‍ॅम्पच्या मागे लागतात, तारा बदलत नाहीत, आणि निराश होतात. दुसरी गोष्ट उजव्या हाताची: त्याचा बहुतेक भार एकाच बोटावर असतो आणि त्या बोटाचं नख तारेला लागतं. नुसत्या मऊ टोकाने छेडलं तर सूर बरोबर येतो, पण त्यातली कड येत नाही.

हे सगळं ऐकायचं असेल तर फोनचा स्पीकर चालणार नाही. छोट्या स्पीकरमधून बेसचा खालचा अर्धा भाग बाहेरच पडत नाही. साधे तारेचे हेडफोनही पुरतात. ‘लाइमलाइट’मधलं गिटारचं एकल वादन लावा आणि गिटार सोडून फक्त बेस ऐका. लाइफसन तिथे ट्रेमोलोच्या दांडीने सूर वाकवत, ढळत्या स्वरांवर रेंगाळत एकटेपण उभं करतो, आणि ते एकटेपण टिकतं कारण खाली बेस क्षणभरही जागा सोडत नाही.

दुसरा उपाय गिटारचा. लाइफसनची एक कॉर्ड चाहत्यांमध्ये ‘हेमिस्फिअर्स’ अल्बमच्याच नावाने ओळखली जाते. सगळ्यात जाड तारेवर दुसरा पडदा, पाचव्या आणि चौथ्या तारेवर चौथा, तिसऱ्या तारेवर तिसरा, आणि खालच्या दोन बारीक तारा मोकळ्या. मूळ आकार साध्या एफ शार्पच्या बॅर कॉर्डचा, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायच्या कॉर्डचा, फक्त त्या दोन तारा मोकळ्या सोडल्यामुळे त्यात बी आणि ई हे दोन सूर मिसळतात आणि कॉर्ड चमकायला लागते. मोकळ्या तारा दाबलेल्या तारांपेक्षा जास्त वेळ घुमतात, त्यामुळे एक गिटार दोघांची जागा व्यापते. शिकताना चूक होते ती सवयीमुळे: पहिलं बोट बॅरच्या सवयीने आडवं पडतं आणि दोन्ही मोकळ्या तारा दुसऱ्या पडद्यावर दाबल्या जातात. बोट उभं ठेवून फक्त टोकाने जाड तार दाबायची. ते जमलं तरी मधल्या बोटाचा पोटाचा भाग दुसऱ्या तारेला टेकतो आणि तिचा आवाज बुजतो. एकेक तार वेगळी छेडून तपासल्याशिवाय ही चूक कळत नाही.

तिसरा उपाय पायांचा. स्टेजवर ली उभा राहतो तिथे जमिनीवर मूग टॉरस असायचा: पायाने वाजवायच्या १३ पट्ट्या, एक पूर्ण सप्तक आणि वरचा सा. हात बेसवर, तोंड माइकवर, पाय टॉरसवर. कीबोर्ड वाजवायचा असेल तर बेस गळ्यात लटकत राहतो आणि खर्ज पायांकडे जातो. ‘झॅनाडू’ वाजवताना ली आणि लाइफसन दोघांच्याही गळ्यात दोन मानांची वाद्यं असायची, लीच्या वाद्याची एक मान बेसची आणि दुसरी गिटारची, आणि पिअर्टच्या भोवती नळीच्या घंटा आणि टेंपल ब्लॉक हे पोकळ लाकडी ठोकळे. त्या गाण्याच्या सुरुवातीचे पक्षी वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओच्या अंगणातले खरे पक्षी आहेत. माइक बाहेर मांडून तिथेच ध्वनिमुद्रण केलं होतं. अकरा मिनिटांच्या या गाण्यात आवाज यायला जवळपास पाच मिनिटं लागतात. विलंबित ख्यालावर वाढलेल्या कानाला ही वाट पाहणं जड जात नाही, आणि मला वाटतं रशकडे वळणाऱ्या मराठी श्रोत्याने ‘झॅनाडू’पासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

१९८० च्या दशकात कीबोर्ड वाढले, सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित करून ठेवलेले आवाजाचे तुकडे, आले. रेकॉर्डवर जे आहे ते तीन माणसांना स्टेजवर आणणं अशक्य होत चाललं. तेव्हा त्यांनी एक नियम पाळला: प्रत्येक आवाज तिघांपैकी कुणीतरी, त्याच क्षणी, स्वतः सोडायचा. मागे टेप लावून त्यावर वाजवायचं नाही. म्हणजे ली गाताना पायाने कोरसचं सॅम्पल सोडतो, लाइफसनच्या पायाशीही पेडल, पिअर्टच्या ड्रममध्ये इलेक्ट्रॉनिक पॅड. धोका उघड आहे. पाय अर्धी मात्रा उशिरा पडला तर आख्खं सुरावटीचं वाक्य उशिरा येतं, आणि चुकीच्या पट्टीवर पडला तर दुसऱ्याच गाण्याचा आवाज. जुन्या चाहत्यांना या काळातले अल्बम थंड वाटतात. मला ‘पॉवर विंडोज’ तसा कधीच वाटला नाही. तो प्रत्यक्ष मैफिलीतल्या ध्वनिमुद्रणात ऐकावा आणि ऐकताना पायांचा विचार करावा. बाहेरचे वादक त्यांनी आपल्या दौऱ्यात स्टेजवर घेतले ते थेट २०१२ साली, ‘क्लॉकवर्क एंजल्स’च्या वेळी, व्हायोलिन-चेलोंचा ताफा.

याच नियमाच्या अवतीभवती एक गंमतही जन्माला आली. लीने नव्वदच्या दशकात मोठे अ‍ॅम्प सोडून दिले आणि बेसचा आवाज थेट ध्वनिमिश्रणाच्या टेबलावर पाठवायला सुरुवात केली. लाइफसनच्या मागे अ‍ॅम्पची भिंत, लीच्या मागे रिकामी जागा. ती भरायला एका दौऱ्यात चक्क फ्रीज आला, पुढच्या दौऱ्यांत कपडे वाळवायची यंत्रं, नंतर कोंबड्या भाजायच्या भट्ट्या. ड्रायरमध्ये टीशर्ट फिरत असायचे आणि कार्यक्रम संपताना ते श्रोत्यांत फेकले जायचे. चाहत्यांकडे ते टीशर्ट अजून जपून ठेवलेले आहेत.

आता पिअर्टकडे. त्याच्या आडनावाचा उच्चार पिअर्ट, पर्ट नव्हे. चाहते हे लगेच दुरुस्त करतात. बँडच्या जवळजवळ सगळ्या गाण्यांचे शब्द त्यानेच लिहिले. ‘टॉम सॉयर’चा ठेका सोपा वाटतो. मिनिटाला ८८ च्या आसपास ठोके, म्हणजे आरामशीर लय. पण उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीवर, प्रत्येक ठोक्यात चार आघात करतो, एकट्याने. सेकंदाला जवळपास सहा आघात, मिनिटामागून मिनिटं. नवशिके हे दोन्ही हातांत वाटून घेतात. त्यात दोन गोष्टी बिघडतात: आघातांतला लहानमोठेपणा सपाट होतो, आणि डावा हात स्नेअर या समोरच्या करकरीत ड्रमवर पोहोचायला क्षणभर उशीर होतो. एकाच हाताने वाजवायचं तर खांदा आणि कोपर सैल हवेत, काठी बोटांत उसळू द्यायला हवी. मुठीत आवळली की मिनिटभरात मनगटाच्या वरचा स्नायू ताठरतो आणि लय मागे ओढली जाते. हे धीम्या लयीपासून वाढवत नेलं तरच जमतं.

त्याच गाण्याचा मधला भाग सातात जातो. सात म्हटलं की आपल्याला रूपक आठवतो, आणि इथे मराठी श्रोता हमखास फसतो. रूपक ३, २, २ असा चालतो आणि त्याची सम टाळीवर नव्हे, ‘खाली’च्या जागी असते. रशचे सात बहुतेक वेळा वेगळे तुटतात. ‘लाइमलाइट’चा मुखडा तर सरळ ४ आणि ३ आहे. हातावर रूपकाची टाळी धरून बसलं की तिसऱ्या मात्रेनंतर सगळं उलटं वाटायला लागतं. ताल विसरून फक्त मात्रा मोजाव्यात. ‘फ्रीविल’च्या कडव्यांत ६ आणि ७ मिळून १३ मात्रा आहेत आणि तरी लोक त्यावर मजेत डोलतात, कारण विषम मात्रा गुळगुळीत करायची युक्ती पिअर्टकडे होती. सातची दोन आवर्तनं जोडली की चौदा होतात. सिंबलवर एक सोडून एक आघात करत गेलं तर पहिल्या आवर्तनात आघात समेवर पडतो, दुसऱ्यात समेच्या शेजारी, आणि तिसऱ्याला पुन्हा समेवर. ऐकणाऱ्याचं शरीर सिंबलबरोबर चालत राहतं, गुंता खालच्या खाली सुटतो.

या माणसांनी श्रोत्यावर टाकलेला विश्वास एकदा त्यांना जवळजवळ महागात पडला होता. १९७५ चा ‘करेस ऑफ स्टील’ खपला नाही. दौऱ्यात सभागृहं रिकामी राहिली, रेकॉर्ड कंपनीला छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘२११२’ आणला, ज्याची पूर्ण पहिली बाजू वीस मिनिटांच्या एकाच सलग रचनेने भरलेली होती. तो चालला, आणि त्यानंतर त्यांच्या कामात कुणी ढवळाढवळ केली नाही. त्या अल्बमवर कट्टर व्यक्तिवाद मांडणाऱ्या आयन रँड या लेखिकेच्या प्रभावाचा उल्लेख होता, त्यावरून १९७८ मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्यावर उजव्या विचारसरणीचा आरोप करताना शब्दांची मर्यादा सोडली. छळछावणीतून आलेल्या आईवडिलांच्या मुलाला तो किती लागला असेल, हे वेगळं सांगायला नको. पिअर्टचे विचार पुढे बदलले आणि त्याने ते उघडपणे मांडलेही. आज ‘२११२’ ऐकताना त्यातलं राजकारण बाजूला ठेवता येतं, पण दुर्लक्षित करू नये.

‘हेमिस्फिअर्स’ची गोष्ट प्रत्येक गायकाने ऐकावी अशी. १९७८ मध्ये वेल्समध्ये त्यांनी सगळं वाद्यसंगीत आधी मुद्रित केलं आणि गायनासाठी लंडनला गेले, तेव्हा कळलं की पट्टी लीच्या आवाजासाठी फारच वरची आहे. वाद्यं पुन्हा वाजवणं शक्य नव्हतं. लीने ते तसंच गायलं, आणि अल्बमभर आवाजावरचा ताण ऐकू येतो. त्याच अल्बमवरची ‘ला व्हिला स्ट्रांजिआटो’ बारा भागांची, साडेनऊ मिनिटांची शब्दविरहित रचना, लाइफसनच्या दुःस्वप्नांवर बेतलेली. एका दमात वाजवायचा हट्ट धरल्यामुळे तिला एवढा वेळ लागला की १९७५ चा ‘फ्लाय बाय नाइट’ हा पूर्ण अल्बम त्याहून कमी वेळात झाला होता. या अनुभवानंतरच रचना आटोपशीर व्हायला लागल्या, आणि ‘पर्मनंट वेव्ह्ज’ व ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हे दोन अल्बम क्विबेकमध्ये मोरिन हाइट्सच्या तळ्याकाठच्या ल स्टुडिओत झाले. तो स्टुडिओ बंद पडला आणि २०१७ मध्ये आगीत जळाला.

विकत घ्यायचं तर कोणती आवृत्ती घ्यावी, याबद्दल थोडं. ‘मूव्हिंग पिक्चर्स’ची जुनी अमेरिकन तबकडी मिळाली तर मधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली आरएल ही अक्षरं शोधावीत, ती मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीचा ध्वनीचा शेवटचा संस्कार, करणाऱ्या बॉब लडविगची. ‘एक्झिट... स्टेज लेफ्ट’ या मैफिलीच्या अल्बमची जुनी सीडी घेताना जपून: दोन तबकड्यांचा मजकूर एका सीडीवर मावेना म्हणून ‘अ पॅसेज टू बँकॉक’ वगळलं होतं, ते १९९७ च्या आवृत्तीत परत आलं. आणि ‘व्हेपर ट्रेल्स’ची २००२ ची मूळ सीडी शक्यतो टाळावी. त्या काळात सगळेच अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात छापायची चढाओढ होती. डिजिटल ध्वनीला वरची एक मर्यादा असते, तिच्यापलीकडे गेलेली लाट वरून सपाट कापली जाते आणि कानाला चरचर येते. इथे ती चरचर मूळ मिश्रणातच शिरली होती, त्यामुळे नुसतं नव्याने मास्टरिंग करून भागणार नव्हतं. पुन्हा एकेक वाद्य घेऊन मिसळावं लागलं. डेव्हिड बॉट्रिलने केलेली ती आवृत्ती २०१३ मध्ये आली. तीच घ्यावी. पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीचा दुहेरी बेस ड्रम दोन्हींत ऐकून पाहिला की फरक कळतो.

त्या ड्रमला मोठा अर्थ आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये पिअर्टची एकुलती मुलगी मोटार अपघातात गेली, दहा महिन्यांनी बायको कर्करोगाने. आपण निवृत्त झालो असं समजा, असं त्याने दोघांना सांगितलं आणि मोटरसायकलवरून ८८,००० किलोमीटर फिरत राहिला. बाकीच्या दोघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही. ते थांबले. २००१ च्या सुरुवातीला पिअर्ट परतला आणि ‘व्हेपर ट्रेल्स’ या परतीच्या अल्बमचा पहिला आवाज त्याच्या पायांचा आहे. अल्बमभर एकही कीबोर्ड नाही. ‘करेस ऑफ स्टील’नंतर प्रथमच.

त्याच अल्बमच्या दौऱ्याचा शेवट नोव्हेंबर २००२ मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर झाला. पावसामुळे साओ पावलोहून येणारे ट्रक उशिरा पोहोचले, ध्वनीची चाचणी करायलाही वेळ उरला नाही. त्या ध्वनिमुद्रणात ‘वायवायझेड’ सुरू होतं तेव्हा चाळीस हजार माणसं शब्द नसलेल्या रचनेची सुरावट गळ्याने गातात, उड्या मारत. रशच्या चाहत्यांबद्दल एकच पुरावा द्यायचा तर हा द्यावा.

मानसन्मान उशिरा आले. १९९६ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा, रॉक बँडला प्रथमच. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पात्र होऊन बरीच वर्षं उलटल्यावर प्रवेश २०१३ ला. चाहत्यांनी तोवर तो विषय सोडला नव्हता. टोरांटोला राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना विलोडेलमधलं ली लाइफसन आर्ट पार्क यंग स्ट्रीटपासून चालत गाठता येतं. सेंट कॅथरिन्समधल्या लेकसाइड पार्कला अर्धा दिवस द्यावा: पिअर्ट तिथेच वाढला, तिथल्या मंडपाला आता त्याचं नाव आहे, आणि तिथल्या जुन्या लाकडी घोड्यांच्या चक्रात अजूनही पाच सेंटला बसता येतं.

२०१५ चा शेवटचा दौरा उलट्या क्रमाने रचला होता. सुरुवात सर्वांत नव्या गाण्यांनी, मग एकेक दशक मागे. गाणी मागे जात तसं लाल कपड्यातले कामगार स्टेजवरचं सामान उचलून नेत, आणि अखेरीस शाळेच्या हॉलच्या देखाव्यापुढे खुर्चीवर ठेवलेला छोटा अ‍ॅम्प उरे. शेवटचं गाणं पहिल्या अल्बमचं. १ ऑगस्टला लॉस एंजेलिसजवळच्या फोरममध्ये तो संपला तेव्हा पिअर्ट ड्रमच्या मागून पुढे आला आणि दोघांना मिठी मारली. असं तो कधी करत नसे. लाइफसनला संधिवात होता, पिअर्टच्या पायाला त्या दौऱ्यात संसर्ग झाला होता, आणि नीट वाजवता येतंय तोवरच थांबायचं हे त्याचं ठरलेलं होतं. ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कर्करोगाने तो गेला. साडेतीन वर्षं आजारी होता, आणि जवळच्या माणसांनी ते बाहेर कळू दिलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ली आणि लाइफसन यांनी पुन्हा दौरा जाहीर केला, ड्रमवर जर्मनीची आनिका निलेस. ती २०२२ मध्ये जेफ बेक या इंग्लिश गिटारवादकाबरोबर वाजलेली, आणि एका ठोक्याचे पाच समान भाग पाडून त्यावर खेळणं ही तिची ओळख. काही चाहत्यांना हे रुचलं नाही, आणि त्यांचं दुःख खरं आहे. मला स्वतःला हे वाजवणं थांबण्यापेक्षा चालू राहिलेलं बरं वाटतं.

तिची परीक्षा मात्र वेगळ्याच कारणाने अवघड आहे. पिअर्ट आपले ड्रमचे भाग लिहून काढल्यासारखे पक्के करत असे आणि रात्रीमागून रात्र तेच वाजवत असे. नंतर फ्रेडी ग्रुबर आणि पीटर अर्स्किन या ड्रमवादकांकडे तो पुन्हा शिकायला गेला, एकल वादन मोकळं केलं, ‘क्लॉकवर्क एंजल्स’च्या वेळी तर निर्माता निक रास्कुलिनेक्झ काठीने खुणा करत समोर उभा असायचा आणि पिअर्ट आधी न ठरवता वाजवायचा. पण जुन्या गाण्यांच्या भरती, म्हणजे दोन ओळींमधली जागा भरणारे ड्रमचे तुकडे, तशाच राहिल्या. त्यामुळे ‘टॉम सॉयर’मधली ती उतरती भरती येते तेव्हा सभागृहातले हजारो हात हवेत एकदम फिरतात, टॉम नावाच्या ड्रमांवरून, वरच्या छोट्यापासून खालच्या मोठ्यापर्यंत, एकही आघात न गाळता. कार्यक्रमाला येणाऱ्या माणसांना तो भाग हाताने पाठ आहे. निलेसने तो जसाच्या तसा वाजवला तर तिचं वादन त्या हातांच्या आड जाईल; एक आघात बदलला तर तो सगळ्यांना कळेल. कुठली भरती राखायची आणि कुठल्या जागी आपले पाच भाग आणायचे, हे तिला गाण्यागणिक ठरवावं लागेल, आणि समोरचे लोक ते मोजत असतील.